पडायचं घर

माणसांचे जीव वाचवण्याइतकं थोर कार्य जगात दुसरं नाही, असं इंजिनिअरबाईंनी बजावून सांगितलं आणि थोरल्या गवंड्याला पडणारं घर बांधायला दिलं.

उभं राहणारं त्याच्या साडूला मिळालं.

दोन्ही घरं पुरुषभर उंचीची, एकाच लोखंडी गाड्यावर शेजारी शेजारी. साडूच्या घराला दाराच्या वरून चारी भिंतींभोवती सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा; थोरल्याच्या घराला नुसत्या विटा. वस्तीसमोर ट्रॅक्टरने गाडा गदागदा हलवायचा. थोरल्याचं घर कोसळलं, की भूकंपात पट्टा कशाला लागतो ते लोकांना पटणार होतं.

"दादा, तुमचं काम सोपं," साडू ओळंबा सोडता सोडता म्हणाला. "वाकडं झालं तरी कोण बघतंय!"

तीस वर्षांत थोरल्याची एक भिंत वाकडी झाली नव्हती.

त्याच्या स्वतःच्या नव्या राहत्या घराच्या भिंती दारापर्यंत आल्या होत्या. तिथेच बसून बायकोने ताट वाढलं. "धाकट्या बहिणीचा फोन होता. तिच्या नवऱ्याने बांधलेल्या घराचा फोटो पेपरात येणार म्हणे. तुमच्याही घराचा येईल ना?"

"येईल," तो म्हणाला. "पडल्यावर."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगले, तो उठला नाही. साडूने एका थरात सळया घातल्या होत्या. याने तीन थरांत दडपल्या आणि वरून असा गिलावा फिरवला, की बाईंनाही ते घर हवं तितकं गरीब दिसलं.

प्रयोगाच्या दिवशी ट्रॅक्टरने हिसका दिला. साडूच्या घराला कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली. थोरल्याचं घर ढिम्म.

"आणखी जोरात!" बाई ओरडल्या.

ट्रॅक्टर धापा टाकू लागला. साडूच्या गिलाव्याचा पोपडा पडला. थोरल्याचं घर ढिम्मच.

वस्ती त्याच्याभोवती गोळा झाली. "मिस्त्री, म्हणजे पट्टाबिट्टा काही लागत नाही तर! आमचीही अशीच बांधा. नुसत्या विटांची."

खरं सांगायला थोरल्याने तोंड उघडलं. तेवढ्यात साडू पुढे झाला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मानलं, दादा, तुमच्या हाताला!"

थोरल्याने तोंड मिटलं.

महिन्याभरात त्याच्या स्वतःच्या घरावर पत्रे चढले. त्या घराच्या पट्ट्यासाठी बाईंनी दिलेल्या सळया गाड्यावरच्या घरात होत्या.