सगळ्यांना नऊ

खोटं वाटेल तुम्हाला, पण फोटोग्राफर बाबांची नजर अशी, की उडत्या घारीच्या डोळ्यातलं कुसळ दिसायचं. म्हणूनच लेकाने त्यांना कामाला लावलं. माणसाच्या डोळ्याला कुठला फोटो चांगला वाटतो, हे त्याला कॉम्प्युटरला शिकवायचं होतं. बाबांनी हजारो फोटोंना दहापैकी गुण दिले आणि कॉम्प्युटर त्यांवरून शिकला.

पहिल्याच चाचणीत त्याने स्वच्छ फोटोला नऊ दिले, धुरकटालाही नऊ.

"याला आधी चष्मा लावून आणा!" साहेब म्हणाले. सगळं ऑफिस पोट धरून हसलं.

लेक तणतणत घरी आला. "बाबा, तुमच्या हातून पाचाच्या वर गुण कधी सुटले नाहीत. मग सगळ्यांना नऊ?"

"वयानं मवाळ झालो रे."

लेकाने स्वतःचाच फोटो त्यांच्या हातात दिला. "हा कसाय?"

बाबांनी तो नाकाशी नेला, खिडकीकडे धरला. "कुणी का असेना, बाई देखणी आहे. नऊ दे."

लेकाचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने फोटो हळूच परत घेतला.

"सुधारेल ना रे तुझा कॉम्प्युटर?"

"तो सुधारेल, बाबा."