वहशीची माफी

"अम्मी, गॉट वन अंकल आउटसाइड," नौशीन म्हणाली आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. सिंगापूरच्या मुलांना कुणीही अनोळखी पुरुष अंकलच.

हलीमा लगेच उठली नाही. भात उतरवला, गॅस बंद केला, ओढणी डोक्यावर घेतली, मग दाराशी गेली. लोखंडी गेटच्या पलीकडे, कॉरिडॉरमध्ये दाऊद उभा होता. तिचा धाकटा सख्खा भाऊ. दाढी वाढली होती, निम्मी पांढरीही झाली होती. चपला त्यानं आधीच काढून ठेवल्या होत्या. जसं काही कुणी आत बोलावणारच होतं. हलीमाला आधी त्या चपलांचाच राग आला.

गेटचं कुलूप तिनं उघडलं नाही.

"आपा, मी हजला निघालोय. परवाची फ्लाइट आहे."

तिला ते ठाऊक होतं. दाऊदच्या पुंगोलमधली बातमी हलीमाच्या यिशुनला पोचायला वेळ लागत नाही. हजला जाणारा माणूस निघण्याआधी ज्याला त्याला गाठून माफी मागतो. माणसाशी केलेला गुन्हा त्या माणसानं माफ केल्याखेरीज वरही माफ होत नाही, हे दोघांना दाभोळच्या एकाच मदरशात शिकवलेलं होतं. म्हणून तर हलीमा इतकी वर्षं गप्प बसली होती. आज ना उद्या याला या दारात यावंच लागणार होतं. त्या दिवशी काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. नाही. एवढा एकच शब्द. जा, आणि हे ओझं डोक्यावर घेऊनच काब्याभोवती फिर. भांडी घासताना, एमआरटीच्या गाडीत उभ्यानं जाताना तिनं तो शब्द मनात इतका घोळवला होता की त्याला सुरीसारखी धार आली होती.

"हमजाभाईंच्या बाबतीत माझ्याकडून जे झालं," दाऊद म्हणाला, "त्याची माफी मागायला आलोय."

"काय झालं?"

"तुला माहीत आहे, आपा."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय. सांग."

हे मागणं तिच्या मनचं नव्हतं. तिच्या नवऱ्याचं नाव ज्यांच्यावरून ठेवलं होतं ते हजरत हमजा, पैगंबरसाहेबांचे काका, उहुदच्या लढाईत शहीद झाले. अल्लाचा सिंह म्हणत त्यांना. समोरासमोर ते कुणाला आटोपले नसते. वहशी नावाच्या गुलामानं दगडाआड दबा धरून भाला फेकला. पुढे तोच वहशी इस्लाम स्वीकारून पैगंबरसाहेबांसमोर आला, तेव्हा त्यांनी त्याला खाली बसवलं आणि आधी सगळं सांगायला लावलं. माझ्या काकांना कसं मारलंस? हलीमाच्या सासऱ्यांनी ही हकिगत घरात शंभरदा सांगितली असेल. फरक इतकाच की हलीमानं आपल्या वहशीला बसायलाही सांगितलं नाही.

दाऊद बोलू लागला. भिंतीकडे बघत. जहाज दुरुस्तीला आलं होतं. हमजा इंजिनिअर, त्यानं तळाच्या टाकीत उतरून तपासणी करायची होती. काम दाऊदच्या ताब्यात होतं. बंद टाकीतली हवा मीटरनं तपासल्याशिवाय आत माणूस उतरवायचा नाही, हा नियम. मीटर दुसऱ्या जहाजावर गेला होता. थांबलं असतं तर जहाजाची निघायची वेळ चुकली असती.

"मी म्हटलं, काही होत नाही, उतरा. ते हसले. म्हणाले, तू सांगतोस ना, मग झालं. आणि उतरले."

"मग?"

"मग हाक मारली तर ओ आली नाही."

हलीमानं गेटची सळई घट्ट धरली. पुढचं तिला कुणी सांगायला नको होतं. मय्यतीला खांदा द्यायला हमजाच्या ऑफिसातला प्रबोध होता, मशिदीतले ओळखपाळख नसलेले लोक होते. नवऱ्यामागे इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती घरात बसली. सख्ख्या नात्यातल्या पुरुषांनी तेवढं यावं, असे ते दिवस. दाऊद आला नाही. नौशीन तापानं फणफणली तेव्हा तिला दवाखान्यात शेजारच्या चिनी आजीनं नेलं. मग ईद आली. मग दुसरी आली. दर ईदला शीरखुर्मा करायचा आणि त्या एका शब्दाला धार लावायची, असं चाललं होतं. इतकी चीड तिला नवरा नेल्याबद्दल अल्लाचीही आली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "नाही केलं माफ."

शब्द सुटला. गार वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

दाऊदनं मान हलवली. तो वाद घालायला आलाच नव्हता.

"वहशीला माफी मिळाली होती, आपा," तो हळू म्हणाला. "पण पैगंबरसाहेबांनी त्याला सांगितलं, शक्यतो माझ्या नजरेसमोर येऊ नकोस. तुला बघितलं की काका आठवतात. मी तेच धरून चाललो. तुला त्रास नको म्हणून इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही. माफी मिळाली नाही तरी ते पाळीन. यापुढेही दाखवणार नाही."

त्यानं चपला पायांत सरकवल्या आणि तो लिफ्टकडे वळला.

मागं कुलूप वाजलं. गेट कुरकुरत उघडलं. दाऊदनं वळून पाहिलं. हलीमा अनवाणी कॉरिडॉरमध्ये उभी होती, हातात कुलूप तसंच.

"वहशीला तसं पैगंबरसाहेबांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुला मी कधी सांगितलं होतं?"