शेवटचं प्रकरण

पीएचडीच्या विद्यार्थ्यांना वेळेचं नियोजन शिकवायला विद्यापीठाने दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली आणि शिकवायला बोलावलं कुणाला, तर निफाडकर सरांना. सुलक्षणाला हसावं की रडावं कळेना. ते तिचेच गाईड. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आठ महिने त्यांच्याकडे होतं, आणि प्रबंध जमा करायची मुदत याच महिन्यात संपत होती. पण हजेरी सक्तीची, म्हणून ती मुकाट्याने पहिल्या रांगेत बसली.

सर पाऊण तास उशिरा आले. शाल-श्रीफळ झालं. प्रोजेक्टर लावला, तर चित्र भिंतीच्या तळाशी पडून निम्मं टेबलामागे गडप झालं.

"काहीतरी जाडसर द्या हो खाली ठेवायला," शिपाईमामा म्हणाले.

सरांनी बॅगेतून स्पायरल बाइंडिंगचा एक गठ्ठा काढून दिला. निळं कव्हर सुलक्षणाने बसल्या जागेवरून ओळखलं. तिने लावलेला रबरबँडसुद्धा जसाच्या तसा होता, बिचारा.

चित्र झकास वर सरकलं. "आलेलं काम पडून राहू देऊ नका," पहिलं सूत्र भिंतीवर झळकलं. सगळ्यांनी ते भक्तिभावाने उतरवून घेतलं.

सत्र संपल्यावर ती टेबलापाशी गेली.

"सर, हे माझं प्रकरण. तुम्ही वाचताय, की मी घेऊन जाऊ?"

"अगं, तुझं होय ते!" सर प्रसन्न हसले. "राहू दे तिथेच. उद्या तणावमुक्तीचं सत्र आहे, तेव्हा लागेल."