पडद्यावरचा भंडारा

पडद्यावर आपलं अणदूरचं घर दिसलं तशी द्वारकाबाईनं सुनेचा, शिवकन्येचा हात धरला. घर काही खरं नव्हतं, कुठंतरी उभं केलेलं होतं. उंबरा मात्र अगदी तसाच जमला होता, आणि तिला भीती त्या उंबऱ्याचीच होती.

तुळजापूरच्या थेटरात दुपारच्या खेळाला पुढच्या सगळ्या रांगा अणदूरकरांनी अडवल्या होत्या. गावच्या पोरावर सिनेमा निघालाय म्हटल्यावर घरी बसतंय कोण. टेम्पो केला, टेम्पोच्या तोंडावर सिनेमाचा फ्लेक्स बांधला, निघाले. कृष्णराज म्हणजे 'बालाघाट' या रॉक बँडचा गायक. त्याची गाणी ऐकून पुण्या-मुंबईची पोरं रडायची म्हणे. तो स्वतः हे बघायला राहिला नव्हता. मुंबईत कावीळ झाली, अंगावर काढली आणि गेला. आता त्याच्या आईला, द्वारकाबाईला, मधल्या खुर्चीवर मानानं बसवलं होतं, आणि त्या मानानंच तिचा जीव अर्धा झाला होता.

कारण पुढं काय होणार ते तिला एकटीला ठाऊक होतं. आता तो पोरगा पाठीला गिटार लावून उंबऱ्यात येणार. भंडारा लावून घ्यायला मान खाली घालणार. आणि आई भंडाऱ्याची वाटी देवळीत परत ठेवून म्हणणार, "तुला खंडोबाला वाहिलाय. जागरणातली डिमडी सोडून हे लाकूड वाजवीत हिंडायचं आसंल, तर पुन्यांदा या उंबऱ्यावर पाय ठिवू नगंस." मग दार लावणार. साऱ्या गावासमोर, सुनेसमोर.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण आजारपणात कृष्णराजनं सिनेमावाल्यांना बसवून सगळं सांगितलं, असं कानावर आलं होतं. सांगणारच. का सांगू नये? दर चंपाषष्ठीला त्याचा फोन यायचा आणि ही बाई चुलीपाशी बसून सुनेला म्हणायची, सांग, रानात गेलीय.

पडद्यावरचा पोरगा उंबऱ्यात आला. त्यानं मान खाली घातली.

पडद्यावरच्या आईनं वाटीत बोटं घातली आणि त्याच्या कपाळाला भंडारा लावला, चांगला कपाळभर. म्हणाली, "जा. देव तरी कुठं बारा महिने अणदुरात ऱ्हातो? नळदुर्गला मुक्कामाला जातोच की. परत आला म्हंजे झालं."

थेटरात शिट्ट्या पडल्या. कुणीतरी येळकोट केला. मागच्या रांगेतून थोरल्या घरचा लिंबाजी पुढं वाकला आणि उपरण्यानं डोळे पुसत म्हणाला, "वैनी, आई असावी तर अशी."

द्वारकाबाईच्या हातातून सुनेचा हात सुटला. पुढचा सिनेमा तिनं शेवटपर्यंत पाहिला, पण तिला दिसलं काहीच नाही.

परतताना टेम्पो नळदुर्गला थांबला. पौष होता, देव तिथंच मुक्कामाला होता, तेव्हा दर्शन घेतल्याबिगर पुढं कसं जायचं. मंडळी उतरली. जाता जाता दोघीतिघी तिच्या पाया पडल्या. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. शेवटी टेम्पोत ती आणि शिवकन्या, दोघीच राहिल्या.

"म्या तसं म्हटलंच न्हाय, शिवकन्ये."

"काय, आत्या?"

"ते नळदुर्गचं. म्या दार लावलं व्हतं त्याच्या तोंडावर. भंडारासुदिक लावला न्हाय."

सासूची समजूत घालायची म्हणून शिवकन्या म्हणाली, "सिनेमावाल्यांनी मनानंच घातलं आसंल. त्यांचं काय, लोकांना रडू आलं म्हंजे झालं."

"मुंबईच्या माणसाला काय ठावं, आमचा देव कवा कुठं असतो ते. ह्ये त्याचंच बोलणं हाय. त्यानंच सांगितलं त्यांना, माझी आई असं म्हणाली म्हणून. खरं सांगितलं असतं तर सोसलं असतं गं. चार लोकांनी तोंडावर थुंकलं असतं, म्या पुसलं असतं. ह्ये कसं पुसू?"

शिवकन्येनं पाण्याची बाटली पुढं केली. द्वारकाबाईनं ती घेतली नाही.

मंडळी दर्शन घेऊन परत आली. लिंबाजीच्या हातात भंडाऱ्याची पुडी होती. द्वारकाबाई टेम्पोतून खाली उतरली, पुडीतून चिमूटभर भंडारा घेतला. लिंबाजीला वाटलं, वैनी स्वतःच्या कपाळाला लावणार, म्हणून त्यानं पुडी तशीच उघडी धरली. ती वळून टेम्पोच्या तोंडाशी गेली. फ्लेक्सवर गिटार घेतलेला पोरगा मान खाली घालून उभा होता. टाचा उंचावून तिनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. गुळगुळीत फ्लेक्सवर तो ठरेना. निम्मा तिच्याच हातावर सांडला.

शिवकन्या तिच्यामागं आली होती. लोकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती म्हणाली, "आत्या, हे भावजी न्हाईत. नटाचा फोटू हाय ह्यो."

"ठावं हाय," द्वारकाबाई म्हणाली, आणि हातावर सांडलेला भंडारा चिमटीत गोळा करून पुन्हा लावला. "ती बाई तरी मी कुठं व्हते?"