रामाजीची झोप

"झोपला! पुन्हा झोपला मेला!" कुडाच्या भिंतीला कान लावून नत्थूजी कोष्टी पुटपुटला. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा वाजून तासभरच झाला होता, गल्लीत पोरं अजून खेळत होती आणि शेजारी रामाजीच्या घरात मात्र गुडुप अंधार.

पाचपावलीतल्या त्या गल्लीत दोघांचे हातमाग भिंतीला भिंत लावून होते. दोघंही ताराचंद शेठकडून सूत आणायचे आणि साध्या काठाची पांढरी, बारीक पोताची धोतरं विणून द्यायचे. पण गिरणीच्या स्वस्त कापडाने शेठचा धंदा बसत चालला होता. त्याने साफ सांगून टाकलं होतं, दसऱ्यापर्यंत ज्याचं काम जास्त आणि चांगलं, पुढे सूत त्यालाच. दुसऱ्याने खुशाल गिरणीच्या दारात जाऊन उभं राहावं. गिरणीचं नाव काढलं तरी नत्थूजीला घाम फुटायचा.

आणि हा रामाजी ढाराढूर झोपत होता! भोंगा वाजला की माग बंद. ज्वारीची भाकर आणि पातळ वरण, तेही पोटाला तडस लागेल इतकं नाही. मग भिंतीला हात लावून अंगणात शतपावली. मग बायको सुभद्रा तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासत बसे. मग झोप. आणि पहाटे, उजाडायच्या आत, खटाखट माग सुरू. त्या वेळी नत्थूजी जांभया देत तंबाखू मळत असायचा.

दोघांचं बोलणं कधीच तुटलं होतं. गल्लीत ताण्याचं उभं सूत पसरायच्या जागेवरून एकदा कडाक्याचं भांडण झालं, तेव्हापासून. मागच्या दिवाळीला बायकोच्या आग्रहाखातर नत्थूजी नमला होता. गल्लीत रामाजी समोरून आला तेव्हा त्याने, तोंडाने नाही तरी, दोन्ही हात जोडले. रामाजी मान ताठ ठेवून, भिंतीच्या कडेकडेने सरळ निघून गेला. त्या अपमानाची आग नत्थूजीच्या पोटात अजून विझली नव्हती.

झोपेतच त्याचं सगळं बळ आहे, असं नत्थूजीच्या मनाने घेतलं. त्याने स्वतः तसंच करून पाहिलं. लवकर जेवला, अंगणात फेऱ्या मारल्या आणि काशाची वाटी बायकोपुढे सरकवली.

"मी नाही घासत," जिजाबाई म्हणाली. "अन् घासून काय होते? झोपेतबी तुमी रामाजीलेच शिव्या देऊन राहता."

पण नत्थूजीचा डोळाच लागत नव्हता. भिंतीपलीकडचा घोरण्याचा आवाज कानात खिळ्यासारखा शिरायचा.

"मले झोप नाही, तं त्यालेबी नाही," नत्थूजी म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून भोंगा थांबला की तो घासलेटचा रिकामा डबा घेऊन भिंतीशी बसू लागला. कोणी विचारलं तर मांजरं हाकलतोय म्हणायचं आणि डबा बडवायचा. हात दुखले की बेसूर भजन. स्वतःचा माग ओस पडला तरी त्याला त्याचं काही वाटेना, इतका त्या डब्यात जीव रमला.

चार-पाच दिवसांनी सुभद्रा दारात आली.

"भाऊजी, त्यायले आराम पायजे जी. वैद्यानं सांगतलं हाय. झोप मोडली का मंग लय तळमळते ते."

"माहं घर, माहा डबा. झोप पायजे तं जंगलात जा म्हनाव."

सुभद्रा जरा घुटमळली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, मग पदर ओढून परत गेली. नत्थूजीने तिच्या पाठीमागून आणखी जोरात डबा बडवला. त्या रात्री तो छान झोपला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ताराचंद शेठ स्वतः गल्लीत आला. त्याने दोघांचा माल पाहिला आणि नत्थूजीच्या ओट्यावर बसला.

"नत्थूजी, सूत आता रामाजीलेच. त्याचा माल तुह्यापेक्षा दुप्पट हाय गा. पोतबी सरस."

नत्थूजी ताडकन उठला. "दुप्पट? कसा होईन दुप्पट?"

"त्याची बायको सांगत होती, संध्याकाळची झोप उडाली त्याची. पडल्या पडल्या करमत नाही, म्हनून मागावर बसून राहते. पहिले झोपेत जात होते ते तास कामाले आले."

"झूट!" नत्थूजी ओरडला. "घरात दिवा नाही लावत तो, शेठ! कवाबी पाहा, अंधार! अंधारात धोतर विनते का कोनी? गिरनीचा माल आनून तुमच्या गळ्यात मारून राहिला तो!"

शेठ विचारात पडला. गिरणीचा माल हातमागाचा म्हणून विकला गेला तर त्याचीच अब्रू जायची. "पकडून दाखव," तो उठत म्हणाला. "सूत तुले देतो."

त्या संध्याकाळी भोंगा वाजला, पण नत्थूजीने डबा घेतला नाही. कंदील पेटवून तो दबकत बाहेर पडला. पहिल्यांदाच त्याच्या कानावर आलं, भिंतीपलीकडे माग चालत होता. आजवर त्याच्याच डब्याच्या दणदणाटात तो आवाज बुडत होता. दारं-खिडक्या सताड उघडी, आत काळोख. 'रिकामा माग वाजवून राहिला, लोकायले ऐकवाले,' नत्थूजी मनात हसला. आता हा चोर रंगेहाथ सापडणार होता.

तो धाडकन आत शिरला आणि त्याने कंदील उंच धरला. मागावर पांढरंशुभ्र धोतर हातभर पुढे सरकलेलं होतं. रामाजीची बोटं तुटलेला धागा चाचपून गाठ मारत होती. नत्थूजीने कंदील थेट त्याच्या तोंडापुढे नेला.

रामाजीने पापणीही लववली नाही. पावलांच्या आवाजाकडे कान करून तो म्हणाला, "सुभद्रे, कोन आलं वं? अंधारात ठेचकाळन बिचारा, त्याच्यापुरता तरी दिवा लाव."