घरातलं घरात

"नावं काढ," भिमाजी आबा सायमनला म्हणाले. "माझ्याबद्दल पारावर कोन काय बोललं, समदं. आत्ता, माझ्यापुढं."

पार म्हणजे मिरजगावच्या शाळेचा स्वतःचा गप्पांचा सर्व्हर. सायमननेच तो उभा केला होता. कचेरीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन कंटेनर, म्हणजे वेगवेगळे कप्पे; एकात गप्पा चालायच्या, दुसऱ्यात त्यांचा साठा, म्हणजे डेटाबेस. "बाहेरच्या कंपनीचा संबंध नाही. घरातलं घरातच राहील," असं त्याने प्रत्येक मास्तरला आणि बाईला स्वतः सांगितलं होतं. मास्तर लोक पासवर्ड विसरतात, मग जुने निरोप उघडत नाहीत. या कटकटीपायी त्याने निरोपांना कुलूप मात्र घातलंच नव्हतं, त्यामुळे त्याला कुणाचंही लिहिलेलं वाचता यायचं. लोक भाबडे, मन मोकळं करून बसले. सायमन स्वतः पारावर चकार शब्द काढायचा नाही. आबांवरचा राग तो रात्री ताटावर बसून बायकोपुढं काढायचा.

आबा संस्थेचे अध्यक्ष. नवरा-बायको दोघं हंगामी असले तर घरटी एकालाच कायम करायचं, हा त्यांचा रिवाज. सायमन आणि त्याची बायको कृपाबाई, दोघांनी इथं आठ वर्षं आशेवर काढली होती. आज टेबलावर कायम केल्याची ऑर्डर पालथी पडली होती. तिच्यावर आबांचा चष्मा होता.

सायमनला स्वतःची लाज वाटली. तरी बोटं थांबली नाहीत. एक ओळ टाईप केली आणि डेटाबेसने अकरा नावं पुढं टाकली. पाचवं कृपाचं. "आबांची पदवी बाजारातून आणलेली," असं तिने लिहिलं होतं. आबा खिडकीशी फोनवर बोलायला वळले, तेवढ्यात त्याने तिची ओळ पुसली.

उरलेले दहा छापून दिले. त्यात रंगनाथ मास्तर होते. त्यांनी सायमनच्या पोरीला दोन वर्षं घरी येऊन गणित शिकवलं होतं. पण बायको वाचली, त्याने मनाची समजूत घातली.

आबांनी कागदावरून बोट फिरवलं. "धाच?"

"दहाच, आबा."

"काल सकाळी माझ्याकडं बी एक यादी आली. हिच्यात अकरा हायती." त्यांनी खिशातून वहीचं घडी केलेलं पान काढून त्याच्यापुढं सरकवलं. "तुझे धा, आन् वर एक."

अक्षर कृपाचं होतं. पहिलं नाव सायमनचं.

आबांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि ऑर्डर उलटी केली. तिच्यावर कृपाबाईंचं नाव कालच टाईप झालं होतं.

"ह्यो पयला गडी पारावर कदीच बोलला न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. "जेवताना बोलतो म्हनं."