डावी खुर्ची कोणाची

"तुमचा विश्वास बसायचा नाही साहेब, कोणाचाच बसत नाही," आई म्हणाली आणि पाय वर घेऊन खुर्चीत ऐसपैस बसली. "पण हे दोघं जन्मले तो प्रकार दुसऱ्या कुठल्याच बाईच्या वाट्याला आलेला नाही."

कमिटीवाल्या साहेबांनी पेनचं टोपण काढलं. त्यांना प्रकार नकोच होता. आधी कोण आणि मागून कोण, एवढं कळलं की ते सुटले.

दोन विमान कंपन्या एक झाल्या होत्या आणि दोन्हीकडच्या वैमानिकांची मिळून एकच यादी करायचं काम साहेबांच्या गळ्यात पडलं होतं. नोकरीला आधी लागला तो वर. लागल्याची तारीख एकच असेल, तर वयानं मोठा तो वर. सगळी यादी लागली, अडली ती या घरापाशी. जुळे भाऊ, दोघेही कॅप्टन, आणि नोकरीला लागले तेही एकाच दिवशी. फक्त वेगवेगळ्या कंपन्यांत. धाकट्याचाच हट्ट होता तो. निदान नोकरीत तरी आपल्याला कोणी धाकटा म्हणू नये. आता कंपन्यांनीच एकमेकींशी लग्न लावलं, त्याला तो बिचारा काय करणार?

त्यात चार इंजिनांची जुनी विमानं भंगारात निघालेली. दोघेही तीच चालवत. नव्या, लहान विमानांवर या शहरात कॅप्टनची एकच जागा उरली होती. यादीत वर असेल तो डाव्या खुर्चीत बसणार. खालच्यानं खांद्यावरची एक पट्टी उतरवून उजव्या खुर्चीत बसायचं, सहवैमानिक म्हणून, कोण जाणे किती वर्षं. जन्माच्या दाखल्यावर तारीख होती, वेळ नव्हती. भावांना विचारलं तर दोघंही म्हणाले, आईला विचारा.

आता थोरला कोण, हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण साहेब येणार असं कळल्यापासून आईच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. खिडकीची जागा थोरल्याला, पहिली सायकल थोरल्याला, वरचा पलंग थोरल्याला. अंगानं दोघे सारखे, तरी नवा सदरा आधी थोरल्यानं घालून बघायचा. कशासाठी, तर चार मिनिटं आधी आला म्हणून! एकदा तरी धाकट्याच्या पदरात माप घालायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि थाप मारायची तर तोंडभरून मारावी, या मताची बाई ती.

"कळा सुरू झाल्या तशी लिफ्टमध्ये घातलं मला. दोन मजल्यांच्या मध्ये गेली आणि बसली रुसून. दिवे गेले. आत मी, नर्सबाई आणि लिफ्टवाला. तो भिंतीकडे तोंड करून उभा, डोळ्यांवर टोपी ओढून. तिथं झाला हा." तिनं धाकट्याकडे बोट केलं. "आणि असा काही टाहो फोडला म्हणता, लिफ्ट दचकली आणि सुटली! वर गेल्यावर मग हा थोरला. खाटेवर, दिव्याखाली, अगदी सावकाश. राजाच जणू."

"मग यांना धाकटे का म्हणतात?" साहेब अगदीच कच्चे नव्हते.

आईनं पापणीसुद्धा लवू दिली नाही. "वजन केलं ना दोघांचं. हा भरला हलका. नर्सबाई म्हणाली, हा धाकटा. चिकटलं ते चिकटलं. मी दमलेली, कुठं वाद घालत बसू? साक्षीला लिफ्टवाला होता, तोही गेला बिचारा."

"त्याचं तोंड तर भिंतीकडे होतं म्हणालात."

"कान उघडे होते की!"

साहेबांनी मान हलवली आणि ते थोरल्याकडे वळले. "तुम्हाला मान्य आहे, कॅप्टन?"

थोरला साखर घेत नसे, तरी मघापासून चहात चमचा फिरवत होता. त्यानं वर पाहिलं ते आईकडेच. आईनं नजर चुकवली नाही, पण तिचे हात मांडीवर उगीच एकमेकांना चोळू लागले. हा नाही म्हणाला तर काय करायचं, ते तिनं ठरवून ठेवलं होतं. हो म्हणाला तर काय, हे मात्र तिच्या मनातच आलं नव्हतं.

"आई सांगते तेच खरं असणार," थोरला म्हणाला. "मी काय बोलणार? मी तेव्हा अजून यायचा होतो."

साहेबांनी पेन कागदाला टेकवलं.

धाकट्यानं एवढा वेळ ओठ घट्ट मिटून धरले होते. आता त्याला हसू आवरेना. हसता हसता त्यानं पुढं होऊन साहेबांच्या कागदावर पंजाच ठेवला.

"थांबा साहेब. आधी हा, मग मी. असं लिहा. याच्या शेजारी बसायची पाळी आली, तर याच्या चुका तरी काढता येतील मला."

"अरे, तुला काय कळतंय?" आई उसळली. "जन्म मी दिला का तू? लिफ्टमध्ये मी होते!"

"आई, आम्ही जन्मलो त्याच इस्पितळात गेल्याच महिन्यात डोळे तपासायला तुला कोणी नेलं होतं? मीच ना? अगं, बैठं आहे ते. वरचा मजलाच नाही त्याला. लिफ्ट जाणार होती कुठं?"